उभ्या गाडीचा विमा

गाडीचा विमा काढायला आलेला माणूस आधी काय विचारतो, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. तो जिना चढून येतो, खुर्ची ओढतो, रुमालाने मान पुसतो आणि म्हणतो, "कमीत कमी कितीत होईल?"

मला या प्रश्नाचा कधी राग आला नाही. माझे वडील सेलूजवळच्या आमच्या मळ्यातली वांगी आणि टमाटे घेऊन वर्ध्याच्या बाजारात बसत. त्यांच्याही टोपलीपुढे वाकून गिऱ्हाईक हेच विचारायचं. घरात वांग्याचा भाव ऐकत वाढलेली मी, सरकारने विमा कंपन्या ताब्यात घेतल्यावर थोड्याच काळात वर्ध्याच्या शाखेत कारकून म्हणून लागले आणि मोटार विभागाच्या टेबलावर बसले. शाखेत मी एकटीच बाई. गिऱ्हाईक माझ्या टेबलापाशी यायचं, माझ्याकडे बघायचं आणि विचारायचं, "साहेब नाहीत का?" साहेब नागपूरला गेलेले असायचे. साहेब बहुधा नागपूरलाच गेलेले असायचे.

ज्यांनी कधी गाडी घेतली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. गाडीचा विमा मुख्यतः दोन तऱ्हेचा. एक, तुमच्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देणारा. हा कायद्यानेच काढावा लागतो, आणि तो स्वस्त. दुसरा, त्याबरोबर तुमच्या स्वतःच्या गाडीचंही नुकसान भरून देणारा. तो महाग. या दोन टोकांच्या मधे पैसे वाचवण्याच्या अनेक पायवाटा होत्या, आणि त्या दाखवणं हेही माझं काम होतं असं मी मानायचे. वरिष्ठांना ते फारसं आवडत नसे.

पायवाटा शोधणारी माणसंही एकेक. हिंगणघाटच्या एका जिनिंगवाल्या शेठजींनी मला अगदी गंभीरपणे विचारलं होतं, की त्यांचा ड्रायव्हर गाडी कधी मागे घेतच नाही, तर फक्त पुढच्या अर्ध्या भागाचा विमा होईल का. वर्ध्याचे एक प्राध्यापक होते. वर्षभर नुकसानभरपाई मागितली नाही तर पुढच्या हप्त्यात सूट मिळते, दरवर्षी ती वाढत जाते, आणि एकदा का मागितली की सगळी सूट जाते. या सवलतीवर प्राध्यापकांचा इतका जीव, की गाडीला पोचा आला की ते स्वतः रंगाऱ्याची लांबी भरून वरून रंग द्यायचे. त्यांच्या गाडीचं मागचं दार आणि घराच्या खिडक्या एकाच हिरव्या रंगाच्या होत्या. निवृत्त होईपर्यंत त्यांनी ती सूट जपली. निरोपाला मला पेढे देताना म्हणाले, "बाई, एकही डाग लागू दिला नाही." गाडीबद्दल ते म्हणत नव्हते, हे मला कळलं.

पण मला सांगायचं आहे ते नामदेवराव झाडे आणि पर्वताबाई यांच्याबद्दल.

नामदेवराव अल्लीपूरचे कास्तकार. घर गावात नाही, गावापासून दीड-दोन मैलांवर शेतातच, आणि तिथपर्यंत पांदण, म्हणजे शेताशेतांतून जाणारी बैलगाडीची वाट. एका साली कापूस चांगला झाला आणि भावही मिळाला, तेव्हा त्यांनी नागपूरहून एक जुनी काळी अँबेसिडर आणली. पर्वताबाईंचे गुडघे धरले होते, बैलगाडीत चढणं जड जात होतं, हे कारण ते सांगायचे. पर्वताबाई सांगायच्या, "माह्या गुडघ्याचं नाव घेतात. यायलेच हौस."

दोघं पहिल्यांदा आले तेव्हा नामदेवराव दारातच उभे राहून आत कुणी पुरुष माणूस दिसतो का ते शोधू लागले. पर्वताबाई धापा टाकत जिना चढल्या आणि सरळ माझ्यासमोर येऊन बसल्या.

"आवं, तिकडं काय पाहून राह्यले? हे पोरगी हाय ना बसलेली. हिलेच इचारा."

त्यांनी विचारलं. तोच प्रश्न, कमीत कमी कितीत. मी आकडा सांगितला. नामदेवरावांचा चेहरा उतरला. गाडी घेतानाच हात रिकामा झाला असणार. मी विचारलं, गाडी वर्षभर चालते का? ते म्हणाले, कशाची वर्षभर. पावसाळा लागला की पांदणीत गुडघाभर चिखल, आमची काळी माती, बैल फसतात तिथे गाडीचं काय. आषाढापासून दसऱ्यापर्यंत गाडी गोठ्यात उभी असते.

तेव्हा मी त्यांना उभ्या गाडीची सूट सांगितली. ही वाट नियमांच्या पुस्तकात होती, पण फारशी कुणाला ठाऊक नव्हती. गाडी सलग काही महिने रस्त्यावर आणणार नसाल, तर कंपनीला आधी पत्र द्यायचं आणि विम्याचा दाखला आमच्याकडे जमा करायचा. तेवढे दिवस आग लागली किंवा चोरी झाली तरच कंपनी जबाबदार. रस्त्यावरच्या अपघाताचा विमा तेवढ्या काळापुरता बंद. त्या बदल्यात पुढच्या वर्षीच्या हप्त्यात सूट. गाडी पुन्हा काढायची झाली की आधी कळवायचं, दाखला परत न्यायचा, मग चाक हलवायचं.

नामदेवरावांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. पर्वताबाईंना एकच गोष्ट कळली आणि पटली, की चार महिने घरी बसायचे पैसे मिळतात. त्या म्हणाल्या, "घरी बसून राह्यते कोन? मी. मंग ते पैसे माहे." सूट हप्त्यात वळती व्हायची, हातात रोख काही पडत नसे. पण नामदेवराव तेवढी रक्कम दरसाल आपल्या खिशातून बायकोला देऊ लागले, आणि दिवाळीनंतर त्या मला त्या पैशांचं काय घेतलं ते दाखवायला आणायच्या. एकदा पितळी डबा, एकदा हिरवं लुगडं, एकदा नुसत्याच काचेच्या बरण्या.

असं काही वर्षं चाललं. आषाढ लागला की दोघं बसने यायचे, दाखला जमा करायचे, दसरा झाला की येऊन परत न्यायचे. येताना पिशवीत आंबाडीची भाजी, कधी मुगाच्या शेंगा. माझं लग्न झालं नव्हतं, त्यावर पर्वताबाई दरवेळी एक सुस्कारा टाकायच्या, आणि नंतर सुस्कारा सोडून दिला. एका वर्षी म्हणाल्या, "जाऊ दे व कुसुम. सारी दुनिया गाडीत बसते अशातली गोठ नाई."

ज्या वर्षीचं सांगते आहे त्या वर्षी पोळा नुकताच झाला होता. कापसावर कीड पडली होती आणि सगळीकडे फवारणी चालली होती. नामदेवरावांकडे दसरू नावाचा सालदार होता. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीने राहिलेला शेतगडी. लहानपणीच आईबाप गेलेला, तीस-बत्तीसचा धट्टाकट्टा माणूस. तो पाठीवर पंप घेऊन सकाळपासून फवारत होता. पंप गळत होता. औषध पाठीवरून झिरपत सदरा भिजला, आणि अंगाला लागतंय ते गारच लागतंय म्हणून त्याने मनावर घेतलं नाही. दुपारी तो कपाशीच्या सरीतच कोसळला. तोंडाला फेस, हातपाय झटके देताहेत, डोळे फिरलेले.

पर्वताबाईंनी त्याचा सदरा फाडून काढला आणि विहिरीच्या पाण्याने त्याला धुऊन काढलं. अल्लीपूरचा डॉक्टर त्या दिवशी गावाला गेलेला. दुपारची बस निघून गेलेली. बैलगाडीने हिंगणघाटच्या दवाखान्यात पोचायला संध्याकाळ झाली असती, आणि दसरूची संध्याकाळ होईल असं कुणालाही वाटत नव्हतं.

पर्वताबाई नवऱ्याला म्हणाल्या, गाडी काढा.

पुढचं मला त्या दोघांनीही वेगवेगळ्या वेळी सांगितलं आहे, आणि दोघांच्या सांगण्यात तसूभर फरक नव्हता. नामदेवराव गोठ्यापाशी गेले आणि थांबले. म्हणाले, "कागद वर्ध्याले हाय. रस्त्यावर काई झालं तं?"

पर्वताबाई म्हणाल्या, "कागद मंग आनू. मानूस आता नेऊ."

गाडी विटांवर चढवून ठेवलेली होती. विटा काढल्या, मागच्या सीटवरच्या कोंबड्या हाकलल्या. बॅटरी मेलेली. दोन बैलजोड्या जुंपून गाडी पांदणीतून ओढत सडकेला आणली. सडकेवर बैल पळवले, तेव्हा कुठे इंजिन सुरू झालं. दसरूला मागे आडवं घातलं आणि नामदेवराव एकटेच निघाले. पर्वताबाईंना गुडघ्यांमुळे चिखलातून सडकेपर्यंत येता आलं नव्हतं. त्या बांधावर उभं राहून गाडीचा आवाज ऐकत होत्या. आवाज दूर गेला तेव्हा बसल्या म्हणे.

हिंगणघाटात शिरताना मिलची पाळी सुटली होती. सायकलींचा लोंढाच्या लोंढा. रस्ता ओला. नामदेवराव हॉर्न दाबत होते, पण बॅटरीत जीव नसल्यामुळे हॉर्न वाजतच नव्हता. त्यांनी ब्रेक दाबला, गाडी घसरली आणि एका सायकलला मागून धडकली. सायकलवर किसनाजी नावाचे मिलमधले कामगार होते, पन्नाशीचे. पाय दोन ठिकाणी मोडला.

लोक जमले. नामदेवराव खाली उतरले, लोकांच्या शिव्या खात त्यांनी किसनाजींना उचललं आणि दसरूच्या शेजारी मागच्या सीटवर घातलं. दोघांना घेऊन ते एकाच गाडीतून दवाखान्यात गेले. डॉक्टर म्हणाले, सालदाराला आणखी तासभर उशीर झाला असता तर आणायचं कारण उरलं नसतं.

दसरू वाचला.

दोन-तीन दिवसांनी नवरा-बायको माझ्या टेबलासमोर येऊन बसले. या वेळी पिशवीत काही नव्हतं. नामदेवरावांनी सगळं सांगितलं, मधे एकदाही स्वतःची बाजू न घेता. पोलिसांनी गुन्हा लिहून घेतला होता. शेवटी त्यांनी विचारलं, कंपनी काही करील का?

मला उत्तर माहीत होतं. त्यांनाही माहीत होतं. दाखला माझ्याच कपाटात होता. गाडी कागदावर उभी होती, आणि उभ्या गाडीने कुणाचा पाय मोडत नाही. किसनाजींचा औषधपाण्याचा खर्च, बुडालेला पगार, पुढे पायात अधूपणा राहिला तर त्याचं, हे सगळं नामदेवरावांवर येणार होतं. कोर्ट जी रक्कम ठरवील ती.

मी नियम सांगितला. सांगताना माझा आवाज मलाच परका वाटला. ही वाट त्यांना दाखवली होती मी. वाट चुकीची नव्हती, पुस्तकात होती, आजही मी तिला चुकीची म्हणणार नाही. पण त्या दिवशी मला वाटलं, या माणसाला पहिल्या दिवशी पूर्ण आकडा सांगून गप्प बसले असते तर बरं झालं असतं.

शेजारच्या टेबलावर आमचे एक जुने एजंट बसले होते. माणूस मनाने वाईट नव्हता. ते खुर्ची सरकवून आले आणि हळू आवाजात म्हणाले, यात अडचण ती कसली? गाडी पुन्हा काढणार असल्याचं एक पत्र लिहून घ्या, अपघाताच्या आदल्या दिवसाच्या तारखेचं. टपालाची आवक कुसुमबाईच लिहितात. एक ओळ वर घालायची. साहेब नागपूरला आहेत.

मी त्या ओळीचा विचार केला, हे मी नाकारणार नाही. टपालाचं रजिस्टर माझ्या कोपराखालीच होतं. नामदेवराव खाली बघत होते. पर्वताबाई मात्र माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी विचारलं, "आन हे उघडकीस आलं तं तुहं काय होईन?"

मी म्हटलं, काही होणार नाही.

"खोटं नको बोलू."

मी म्हटलं, नोकरी जाईल.

पर्वताबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि उठल्या. म्हणाल्या, "आमी तं सुटून जाऊ, पन तुह्या नोकरीचा इमा कोनाजवळ हाय? चला वो, उठा." आणि नवऱ्याच्या आधी जिना उतरू लागल्या, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत.

त्या गेल्यावर एजंट मला म्हणाले, अशा लोकांबरोबर धंदा कसा करायचा. पण जिन्याकडे ते बराच वेळ बघत राहिले.

नामदेवरावांनी दवाखान्याचा सगळा खर्च केला. तो कसा उभा केला ते मी कधी विचारलं नाही. पुढे दसरूच्या बोलण्यातून कळलं, की त्या साली गोठ्यात एक बैलजोडी कमी झाली. पहिल्याच भेटीत त्यांनी किसनाजींना सांगून टाकलं होतं, की गाडीचा विमा बंद होता, तेव्हा जे काय आहे ते मी आहे. दर आठवड्याला ते हिंगणघाटला जायचे, किसनाजींच्या घरी ज्वारी, तुरीची डाळ पोचवायचे आणि खाटेशेजारी तासभर बसून यायचे. सुरुवातीला किसनाजी भिंतीकडे तोंड करून पडायचे. नामदेवराव तरी बसायचे.

हिवाळ्यात एक दिवस दुपारी एक माणूस काठी टेकत आमचा जिना चढून आला. घामाने भिजला होता. मी पाणी दिलं. त्याने नाव सांगितलं तेव्हा मी उभीच राहिले.

किसनाजी म्हणाले, एका वकिलाने त्यांना गाठलं आहे. कोर्टात गेलं तर चांगली भरपाई मिळेल, कंपनीच देते, गाडीवाल्याच्या खिशातून काही जात नाही, असं तो सांगतो. ते खरं की खोटं, एवढंच विचारायला ते हिंगणघाटहून बसने आले होते.

खुर्चीत बसून माणूस खरं बोलतो ते बहुतेक वेळा सोपं असतं, त्याचं कुणाला फार काही बिघडत नाही म्हणून. त्या दिवशी तसं नव्हतं. माझ्यासमोर मोडक्या पायाचा माणूस होता आणि भरपाई हा त्याचा हक्क होता. मी त्यांना दोन्ही गोष्टी सांगितल्या. गाडीचा विमा त्या काळात बंद होता, तेव्हा कंपनी देणार नाही, जे काही कोर्ट ठरवील ते मालकाला भरावं लागेल. आणि तरीही तुमचा हक्क कुठे जात नाही. मालक ओळखीचा आहे म्हणून तो सोडू नका, असंही म्हटलं. हे म्हणताना पर्वताबाईंचा चेहरा डोळ्यांपुढून हटत नव्हता.

ते म्हणाले, "हक्क हाय ते मले समजते बाई. मी इचारतो, भरन कोन?"

"नामदेवराव."

किसनाजी काठीवर हनुवटी ठेवून बसले. मग हळूहळू बोलू लागले. "त्या रोजी मी लय शिव्या देल्या त्याले. मांगच्या सीटवर माह्या बाजूनं तो गडी. त्यानं माह्या अंगावरच उलटी केली. आन हा मानूस गाडी चालवता चालवता रडून राह्यलता. एकदा म्हने, दसरू मरू नको. एकदा म्हने, भाऊ माफ कर. मले तं समजेच ना, हा कोनाले काय म्हून राह्यला." ते किंचित हसले. "असा मानूस कोर्टात उभा राह्यला तं जज्जानं इचारायच्या आंधीच सारं कबूल करन. त्याच्यावर काय केस करता?"

मी विचारलं, कामाचं काय? म्हणाले, मिलमध्ये बसून करायचं काम मिळतंय, पगार थोडा कमी. नामदेवरावांनी मोडलेल्या सायकलीच्या जागी नवी सायकल आणून दिली होती. "मले तं आता चालवता येत नाई. पोरगी नेते शाळेत."

ते कोर्टात गेले नाहीत. हे योग्य झालं की नाही, यावर मी आजही स्वतःशी वाद घालते. विम्याच्या धंद्यात राहून मी एक शिकले, की चांगल्या माणसाच्या चांगुलपणावर दुसऱ्या चांगल्या माणसाचा पाय अवलंबून राहू नये, त्यासाठीच तर विमा असतो. पण त्या दोघांनी आपापसात जे केलं त्यात मला बोट ठेवायला जागा सापडत नाही. वकील त्यांच्यावर चिडला. दोन-तीन वर्षांनी किसनाजींच्या त्याच मुलीचं लग्न झालं तेव्हा अहेराच्या वेळी मंडपात नामदेवराव मामाच्या जागी उभे होते.

पुढच्या आषाढात नामदेवराव नूतनीकरणाला आले. सवयीने मी उभ्या गाडीच्या पत्राचा कागद पुढे केला. त्यांनी तो माझ्याकडे परत सरकवला.

"असू द्या बाई. यंदा फवारनी हाय."

फवारणी तर दरवर्षीच असते, मी म्हटलं.

"हो. दरसालच हाय."

माझं काम म्हणून मी त्यांना चार महिन्यांत किती वाचले असते ते काढून दाखवलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, पटतं म्हणाले, आणि पूर्ण पैसे भरले. त्या पावसाळ्यापासून गाडी शेतात उभी न राहता अल्लीपुरात सडकेलगत एका ओळखीच्या माणसाच्या छपरीत राहू लागली. बाळंतीण, पान लागलेला म्हणजे साप चावलेला, विहिरीत पडलेला, कुणाहीसाठी ती निघायची. एकदा नामदेवरावांनी मला मुद्दाम येऊन विचारलं, की लोक पेट्रोलचे पैसे देऊ करतात, घेतले तर चालतात का? मी सांगितलं, चालत नाहीत. घरच्या गाडीचा विमा स्वस्त असतो तो ती भाड्याने चालत नाही म्हणून. भाडं घेतलं की ती टॅक्सी झाली, आणि अपघात झाला तर कंपनी हात झटकेल. त्यांनी मान डोलावली. जिन्यापर्यंत गेले आणि परत आले.

"लोकं डिक्कीत भोपळे टाकून देतात बाई. भोपळा चालते का?"

मी म्हटलं, भोपळ्याबद्दल नियमात काही लिहिलेलं नाही.

नामदेवराव गेले ते ऐंशीच्या दशकाच्या मध्याला, उन्हाळ्यात, दुपारच्या झोपेत. मला कळलं तेव्हा तेरवी होऊन गेली होती. मी अल्लीपूरला जाणार होते, पण मार्चअखेरचं राहिलेलं काम, मग तपासणी, असं करत राहून गेलं. नोकरीने मला बरंच दिलं, पण असे काही दिवस काढूनही घेतले, आणि त्यांची भरपाई कुणी देत नाही.

मग एक दिवस खाली गाडीचा आवाज आला आणि जिन्यावर ओळखीची पावलं. एकेका पायरीवर दोन पाय. पर्वताबाई आल्या, माझ्यासमोर बसल्या. त्यांनी माझा हात हातात घेतला. मग म्हणाल्या, गाडीचा इमा संपून राह्यला, तो भरायचा हाय.

त्यांना मूलबाळ नव्हतं. मी त्यांना जे कुणालाही सांगितलं असतं तेच सांगितलं. गाडी जुनी झाली आहे, चालवणारं कुणी नाही, विकून टाका. नाही तर निदान कायद्यापुरता स्वस्तातला विमा काढा.

"चालवनारा हाय ना," त्या म्हणाल्या आणि जिन्याकडे वळून हाक मारली.

दसरू वर आला. मी त्याला तोवर कधी पाहिलं नव्हतं. केसांत पांढरं आलं होतं. अंगात धुतलेला पांढरा सदरा, खिशात नवं लायसन्स. नामदेवरावांनीच त्याला गाडी शिकवली होती. खुर्ची पुढे केली तरी तो बसला नाही, पर्वताबाईंच्या मागे उभा राहिला.

मी स्वस्तातला आकडा लिहू लागले, तेव्हा पर्वताबाईंनी मला थांबवलं. त्यांना एक गोष्ट हवी होती. गाडीमुळे दुसऱ्याला लागलं तर त्याचं होतं, गाडीचं नुकसान झालं तर तिचं होतं. पण चालवणाऱ्यालाच काही झालं तर? मी सांगितलं, त्याची सोय आहे. थोडे पैसे वर भरले की ड्रायव्हरला अपघात झाल्यास त्याची भरपाई कंपनी देते. बहुतेक गाडीमालक पैसे वाचवायला आधी हेच खोडतात.

"ते घाल," पर्वताबाई म्हणाल्या.

आता अडचण अशी होती, की ही सोय पगारी ड्रायव्हरसाठी होती. मालकाच्या नोकरीतला माणूस, असं लिहावं लागतं. मी ते शक्य तितकं हळू सांगितलं. दसरूच्या आजारपणानंतर नामदेवरावांनी त्याचं साल मोडून त्याला घरातच घेतलं होतं. त्याच्याशी पगाराची बोली परत कधी झालीच नाही. तो त्यांच्या घरात जेवायचा, घराच्या पडवीत त्याचं लग्न झालं होतं, त्याची लेकरं पर्वताबाईंना आजी म्हणत. नामदेवरावांच्या चितेला अग्नी त्यानेच दिला होता, हे मला त्या दिवशी कळलं.

"नोकर नाई तो," त्या म्हणाल्या. "कसं लिहू देऊ तसं?"

मी म्हटलं, मग ती सोय मिळणार नाही.

त्या माझ्या टेबलाकडे बघत राहिल्या. इतकी वर्षं लोकांना नियमांतून वाटा काढून दिल्या, पण घरच्या माणसाला घरचा ठेवून त्याचा विमा काढून देणारी वाट मला पुस्तकात कुठे दिसत नव्हती.

शेवटी दसरूच पुढे झाला. खाली वाकला आणि पर्वताबाईंच्या खांद्यावर हात ठेवला.

"लिहू दे ना माय, नोकर म्हून. कागदाले काय समजते."

पर्वताबाईंनी पदराने डोळे पुसले आणि मला मान हलवून खूण केली. मी पगारी चालक असं लिहिलं आणि खाली त्याचं नाव घातलं. वडिलांचं नाव विचारलं तेव्हा तो क्षणभर अडखळला. लहानपणीच गेलेल्या बापाचं नाव त्याने सांगितलं, ते मी लिहिलं. मग पर्वताबाईंनी पैसे मोजले आणि दसरूने त्यांना उठवलं. जिना उतरताना तो त्यांच्या पुढे, तोंड त्यांच्याकडे करून, उलटा उतरत होता, त्यांचे दोन्ही हात धरून. मी खिडकीपाशी गेले. खाली त्याने पुढचं दार उघडलं, त्यांना आपल्या शेजारी बसवलं, पदर दारात सापडू नये म्हणून तो गोळा करून त्यांच्या मांडीवर ठेवला, आणि मग गाडी हिंगणघाटच्या रस्त्याला लागली.